एक मीटर अठरा सेंटिमीटर

मी जर्मनीत डार्मश्टाटला गेलो तो आर्किटेक्ट व्हायला, आणि झालो लोकांची घरं मोजणारा.

इमारत उभी कशी राहते ते शिकवणाऱ्या स्टॅटिक्स नावाच्या विषयात मी दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा बसायची सोय नव्हती, आणि सांगलीला परत जाऊन वडिलांसमोर, म्हणजे अण्णांसमोर, उभं राहायची छाती नव्हती. छप्पन-सत्तावन्नचा सुमार असेल. मार्टिन्सफिर्टेल या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत मी एका म्हातारीकडे माळ्यावरच्या खोलीत राहत होतो. त्याच गल्लीत एका आर्किटेक्टच्या दारावर 'मदतनीस पाहिजे' अशी पाटी दिसली. मी घंटा वाजवली.

हेर क्राफ्टनी स्वतःच दार उघडलं. पन्नाशीचा उंच माणूस. कोटाची उजवी बाही खिशात खोचलेली, कारण तो हात रशियात राहिला होता. त्यांनी मला परीक्षेबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "टेपला दोन टोकं असतात आणि मला हात एक आहे. उद्या सकाळी सातला या."

काम काय, ते सांगतो. लढाईत अर्धंअधिक शहर जळून गेलं होतं. जी घरं उरली ती चार-चार मजल्यांची, एका मालकाची आणि भाडेकरूंनी भरलेली. पुढे कायदा झाला की असं घर एकेक मजला करून विकता येईल. पण विकायचं तर आधी ठरायला हवं की कुठली खोली कोणाची. म्हणून आम्ही जाऊन खोली न् खोली मोजायची, नकाशा काढायचा आणि प्रत्येक खोलीवर आकडा घालायचा. ज्या खोल्यांवर एकच आकडा, ते सगळं मिळून एक घर. तळघरातली कोळशाची खोली असो की माळ्यावरची अडगळ, तिच्यावर तीन आकडा पडला की ती तीन नंबरवाल्याची. नकाशा इमारत खात्याकडे जायचा, तिथून नोटरीकडे, आणि एकदा शिक्का बसला की ब्रह्मदेवालाही तो आकडा बदलता येत नसे. अण्णांना मी पत्रात 'घरबांधणीच्या कामात आहे' असं लिहायचो. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

माझं आडनाव नेर्लेकर. जर्मन माणसाच्या तोंडात ते इतकं छान बसायचं, की फोनवर सगळ्यांना मी पलीकडच्याच गावचा वाटायचो. मग दार उघडल्यावर टेप घेतलेला काळासावळा माणूस दिसला की बायका माझ्या मागे पाहायच्या. "आणि हेर नेर्लेकर कुठे आहेत?" मी म्हणायचो, "येतीलच," आणि मोजायला सुरुवात करायचो.

माणसंही एकेक भेटायची. एक निवृत्त पोस्टमास्तर आमच्या मागोमाग स्वतःची टेप घेऊन फिरले आणि हेर क्राफ्टना म्हणाले, की तुम्ही माझे चार सेंटिमीटर चोरलेत. चोरले नव्हते, त्यांच्या बायकोने कपाटामागे गालिचा गुंडाळून ठेवला होता. एका बाईंनी झोपलेलं बाळ उठेल म्हणून मला मोजे घालून मोजायला लावलं आणि टेप गुंडाळताना आवाज होतो म्हणून ती रजईखाली गुंडाळायला लावली. हे सगळं मी मजेने सांगतो. पण पहिल्या वर्षातली एक गोष्ट मजेने सांगता येत नाही.

हेर विल्के नावाचे एक म्हातारे शाळामास्तर होते. लढाईनंतर ज्यांची घरं गेली, त्यांना सरकारने दुसऱ्यांच्या घरात एकेक खोली नेमून दिली होती. विल्के असेच एका कुटुंबाच्या मागच्या खोलीत दहा-बारा वर्षं राहत होते. मी ती खोली मोजली आणि इतर खोल्यांसारखा तिच्यावर दोन आकडा घातला. कुटुंबाने दोन नंबर विकत घेतला आणि वर्षाच्या आत विल्के गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गेले. पुढे एकदा ट्राममध्ये दिसले. त्यांनी मला ओळखलं, टोपी काढली आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही माझी खोली अचूक मोजली होती." त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर चारेक वर्षांनी फ्राऊ बेंडर यांचं घर आमच्याकडे आलं.

फ्राऊ बेंडर साठीच्या, विधवा. त्यांना घर विकून बाड हॉम्बुर्गला मुलीकडे जायचं होतं. चार मजले, चार घरं. तळमजल्यावर त्या स्वतः. मधल्या दोन मजल्यांवर दोन शांत कुटुंबं, दोघंही आपापलं घर विकत घ्यायला तयार. सगळ्यात वर हेर रोट. ते ट्राम चालवायचे. बायको आणि दोन मुली, एक बाराची, एक दहाची. आणि त्यांच्याच घरात, शेवटच्या खोलीत, फ्राऊ झायडेल.

फ्राऊ झायडेलना मी ओळखत होतो. त्या लढाईनंतर पोलंडला गेलेल्या ब्रेस्लाऊहून निर्वासित होऊन आल्या होत्या आणि खिडकीशी बसून शिवणकाम करायच्या. माझा पहिला ओव्हरकोट जुन्या बाजारातला होता, बाह्या बोटांच्याही खाली यायच्या. त्यांनी त्या कापून दिल्या होत्या आणि उरलेल्या कापडाची मला टोपी शिवून दिली होती. पंधरा वर्षं त्या एकाच खोलीत होत्या. स्वयंपाकघर रोटांचं आणि त्यांचं मिळून. शेगडीच्या डावीकडच्या दोन चुली रोटांच्या, उजवीकडची एक त्यांची. मधे कोणी रेघ ओढली नव्हती, पण फ्राऊ रोटांचं पातेलं रेघ ओढल्यासारखं तिथेच थांबायचं. दोघी बायका एकमेकींशी कामापुरतंच बोलत. भांडण असं नव्हतं, पंधरा वर्षांचा कंटाळा होता.

आम्ही वरचा मजला मोजत शेवटच्या खोलीशी आलो तेव्हा फ्राऊ झायडेल दारात उभ्या होत्या. गळ्यात शिवणाची टेप. हेर क्राफ्ट बाहेर जिन्यात गेले होते.

"हेर नेर्लेकर, या खोलीवर कुठला आकडा घालणार?"

मी वहीत पाहिलं. "चार."

"म्हणजे रोटांचा."

"हो."

त्यांनी मान हलवली. "गेनाऊ, बरोबर. मला तेच वाटलं होतं." मग माझ्या कोटाकडे पाहून म्हणाल्या, "डाव्या बाहीचं अस्तर सुटलंय. जाताना देऊन जा."

मी चार आकडा लिहिला. दुसरं काय लिहिणार होतो?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नकाशा काढायला बसलो आणि बेरीज जुळेना. अंगणाकडची बाहेरची भिंत चारही मजल्यांवर सारखीच लांब. खालच्या तीन मजल्यांवर आतल्या खोल्या आणि मधल्या भिंती मिळून तेवढंच माप येत होतं. वरच्या मजल्यावर एक मीटर अठरा सेंटिमीटर कमी.

"तुमची चूक आहे," हेर क्राफ्ट म्हणाले. "परत जा."

मी परत गेलो. पुन्हा मोजलं. एक मीटर अठरा. तिसऱ्यांदा खालून वर येताना मला दिसलं ते पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं. खालच्या प्रत्येक मजल्यावर जिन्यालगत एक अरुंद दार होतं, आणि आत मुरांबे-लोणची ठेवायची चिंचोळी खोली. वरच्या मजल्यावर त्या जागी नुसती गिलावा केलेली भिंत. मी बोटाने ठोकून पाहिलं. वाजलं ते डब्यासारखं पोकळ.

फ्राऊ झायडेलच्या खोलीत गेलो, कपाट सरकवायची परवानगी मागितली आणि आतल्या बाजूनेही ठोकलं. तसंच.

"हेर नेर्लेकर, काय झालं?"

"तुमच्या भिंतीमागे खोली आहे."

त्यांनीही ठोकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. त्या खोलीला जिन्याकडून दार होतं. म्हणजे त्यांची खोली आणि ती चिंचोळी जागा एक केली, तर रोटांच्या घरातून न जाता आत येता येत होतं. कायद्याला वेगळ्या घरासाठी काय लागायचं? स्वतःचं कुलूपबंद दार, पाणी, चूल, संडास. तेवढं असलं की त्याला स्वतःचा आकडा मिळतो. आणि निर्वासितांना गेलेल्या घराची जी भरपाई मिळाली होती, ती फ्राऊ झायडेलनी अजून हात न लावता ठेवली होती. कशासाठी ठेवली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी धावत ऑफिसात गेलो. हेर क्राफ्टनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपलं काम मोजायचं. कोणी कुठे राहावं हे ठरवायचं नाही. रोट ती खोली धरून चाललेत."

मग मी त्यांना ट्राममधले हेर विल्के सांगितले. इतक्या वर्षांत कोणालाच सांगितले नव्हते. सांगताना माझी जर्मन पार मोडली, क्रियापदं कुठेही पडत होती. हेर क्राफ्ट उठले, डाव्या हाताने माझ्या नकाशावरचा चार खोडला आणि तिथे पाच लिहिला.

"हा पेन्सिलचा आहे," ते म्हणाले. "शाईचा व्हायचा असेल तर रोटांशी तुम्ही बोलायचं."

रोटांशी बोलणं सोपं नव्हतं, कारण त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांचंही घर जळालं होतं. ते ड्यूटीवरून आले होते, टेबलावर टोपी ठेवली होती. मी बोलत असताना ते पाव कापत राहिले, मग सुरी खाली ठेवली.

"आल्झो, असं बघा. पंधरा वर्षं मी माझ्या घरात दुसऱ्याची पावलं ऐकतोय. मोठीला अभ्यासाला जागा नाही, दोघी एका पलंगावर झोपतात. आता ती खोली मिळेल म्हणून मी घर विकत घेतोय. आणि तुम्ही सांगता, खोली जाणार?"

"जाणार," मी म्हणालो. "पण पावलंही जातील."

"पावलांवर मुली झोपवू का?"

मी उठलो. जिन्यात आलो आणि खाली जाण्याऐवजी का कोण जाणे वर गेलो. वर धुणं वाळत घालायचा माळा होता. त्याच्या कडेला दोन खोल्या, छपराच्या उताराखाली. फ्राऊ बेंडरची मोडकी खुर्च्या-टेबलं त्यात भरलेली. मी त्या मोजल्या होत्या, आणि त्यांच्यावर फ्राऊ बेंडरचा एक हा आकडा घातला होता, कारण सामान त्यांचं होतं. माझं डोकं तेव्हा कुठे चाललं. माळ्यावरची खोली कुणाचीही होऊ शकते. फक्त आकडा पाहिजे.

मी फ्राऊ बेंडरकडे गेलो. त्या म्हणाल्या, "ती खुर्च्या-टेबलं मी बाड हॉम्बुर्गला नेणार आहे असं तुम्हाला वाटतं? द्या ना त्यांना."

हेर रोट हे ऐकून म्हणाले की माळ्यावर थंडीत माणूस गोठतो. पण त्यांच्या बायकोने एप्रन काढला आणि मुलींना घेऊन वर गेली. मीही मागे. फ्राऊ रोट कमी बोलायच्या. त्यांनी छपराच्या फळ्या ठोकून पाहिल्या, भिंतीतल्या धुरांड्याला हात लावून पाहिला, ते कोमट होतं. मोठी मुलगी तेवढ्यात मोडक्या टेबलावर चढली आणि छतातली खिडकी ढकलून तिने डोकं बाहेर काढलं.

"आई! इथून मनोरा दिसतो! पाचही बोटं दिसतात!"

डार्मश्टाटात टेकडीवर एक मनोरा आहे, त्याचं टोक उघड्या पंजासारखं आहे. त्या वस्तीत खालून कुठूनच तो धड दिसत नाही, कोणाचं ना कोणाचं धुरांडं मधे येतं. धाकटीलाही वर चढायचं होतं. दोघींची ढकलाढकली सुरू झाली. फ्राऊ रोट मला म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला मी सांगते. तुम्ही शाई काढा."

भिंत फोडायच्या दिवशी सगळं घर जिन्यात जमलं होतं. गवंड्याने गिलावा उतरवला, विटा काढल्या, आणि आत खरंच दाराची जुनी चौकट निघाली. मागे धूळ, पडलेला चुना आणि भिंतीला टेकलेली एक फळी. फळीवर काचेच्या बरण्या. झाकणं घट्ट बसलेली, आत मिराबेल नावाची छोटी पिवळी आलुबुखारं. प्रत्येक बरणीवर कागदाची चिठ्ठी, सुबक अक्षरात.

फ्राऊ बेंडर पुढे आल्या. एक बरणी उचलून त्यांनी एप्रनला पुसली. "हे आईचं अक्षर आहे," त्या म्हणाल्या. बॉम्बहल्ल्याच्या वेळी वरच्या मजल्यावर त्यांची आई राहायची. आगीतून तिला खेड्यावर हलवलं, तिथेच ती गेली. पुढे दुरुस्ती करणाऱ्या टोळीने तडकलेली दारं सरसकट विटांनी बंद केली होती, आणि आत काय आहे हे कोणी पाहिलंही नव्हतं. हेर रोटांनी डोक्यावरची टोपी काढली. मग फ्राऊ झायडेल म्हणाल्या, "बरण्या धुऊन मी तुम्हाला बांधून देते. प्रवासात फुटायला नकोत." जुन्या कापडाचे तुकडे गुंडाळून त्यांनी एकेक बरणी बांधली.

त्यानंतर नळ आला, खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि दोन चुलींची शेगडी आली. चिंचोळ्या जागेच्या टोकाला, छोट्या खिडकीखाली, संडास बसला. आणि मग इमारत खात्याचा माणूस तपासायला आला. तरुण, कडक इस्त्रीचा. त्याने कुलूप बाहेरून लावून पाहिलं, आतून लावून पाहिलं, नळ सोडला, चूल पेटवली. सगळीकडे मान डोलावली आणि संडासाशी अडला. टेप लावली. चेहरा आंबट केला.

"अरुंद आहे. इथे धड बसता येणार नाही."

हेर क्राफ्ट माझ्याकडे पाहू लागले. माप माझं होतं. त्या माणसाने पेनचं टोपण काढलं तसा मी पुढे झालो, झाकण खाली केलं, आणि ओव्हरकोट, टोपी, बगलेतली वही यांच्यासकट त्यावर बसलो. गुडघे भिंतीला लागले नाहीत. मी वही उघडून वाचल्यासारखंही केलं.

तो तरुण आधी लाल झाला. मग हसला. "पेपरसुद्धा वाचता येईल, नाही?" म्हणाला आणि त्याने सही केली.

मला त्या धंद्यात पंचवीस वर्षं झाली तेव्हा ऑफिसने छोटा समारंभ केला, त्यात हेर क्राफ्टनी माझं कर्तृत्व म्हणून एवढीच एक गोष्ट सांगितली.

नोटरीकडे सगळा दस्तऐवज मोठ्याने वाचतात, शब्द न् शब्द, तशी पद्धतच आहे. दीड तास लागला. दोन्ही शांत कुटुंबं पेंगायला लागली. पाच नंबरशी आल्यावर नोटरीने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "समजलं ना?" फ्राऊ झायडेल म्हणाल्या, "समजलं. पण तेवढं परत वाचाल का?" नोटरीने घड्याळाकडे पाहिलं आणि परत वाचलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला कॉफीला बोलावलं. खोली तीच, पण कपाट हलवल्यामुळे उजेड नवा वाटत होता. टेबलावर दोन कप. आम्ही बसलो होतो आणि एकदम घंटा वाजली. फ्राऊ झायडेल दचकल्या.

"हे काय वाजलं?"

"तुमची घंटा," मी म्हणालो.

पंधरा वर्षं त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस रोटांची घंटा वाजवत होता. त्या उठल्या, केस नीट केले आणि चिंचोळ्या वाटेतून दाराशी गेल्या. बाहेर फ्राऊ रोट उभ्या होत्या, हातात केकची ताटली. मागे हेर रोट, रविवारचा टाय लावून. त्यांच्या मागे दोघी मुली.

"आम्ही शेजारी आहोत," फ्राऊ रोट म्हणाल्या. बोलून त्यांनाच ते विचित्र वाटलं असावं, कारण त्या लाजल्या. "म्हटलं, तुमचं घर पाहावं. आत येऊ का?"

"या," फ्राऊ झायडेल म्हणाल्या. "बसा." आणि मग त्यांच्या लक्षात आलं की खुर्च्या दोनच आहेत.

हेर रोट वळले, आपल्या घरात गेले आणि स्वयंपाकघरातल्या चार खुर्च्या दोन फेऱ्यांत घेऊन आले. एक शिवणयंत्राशी लागली, एक दारात अडकली, धाकटी खिडकीत चढून बसली तरी माझे गुडघे हेर रोटांच्या गुडघ्यांना लागत होते. फ्राऊ झायडेल उभ्या राहूनच केक कापत होत्या आणि कोणाला किती मोठा तुकडा हवा ते विचारत होत्या. त्या खोलीचं माप मला तोंडपाठ होतं. कागदावर मी तिथे सहा माणसं कधीच बसवली नसती.